आबांचा प्रवेश

आबा आत गेले, फाटक बंद झालं आणि मी बाहेर राहिले.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या शेडमध्ये आता संगणकावरच्या परीक्षा घेतात. शेजारच्या कारखान्यात लोखंड कापत होते. तो आवाज दातांत शिरत होता आणि हवेला तापलेल्या तेलाचा वास होता. पहिल्या पाळीचे कामगार हँडलला डबे लटकवून मोटारसायकलींवरून जात होते आणि आमची गर्दी बघून जरा वेग कमी करत होते. गर्दी म्हणजे पालक. तीन वर्षांच्या लॉच्या प्रवेशाची सीईटी होती. मुलं आत गेली होती आणि आयाबाप लिंबाच्या सावलीत, उभ्या केलेल्या गाड्यांवर, मुलांच्या सॅक मांडीवर घेऊन बसले होते.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण हाय आत? मुलगा का मुलगी?"

"वडील."

"वडील सोडायला आले व्हय? आन परीक्षेला कोण?"

"वडीलच बसलेत परीक्षेला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "ते पांढऱ्या मिशांचे? मला वाटलं सुपरवायझर हायत."

तसं बऱ्याच जणांना वाटलं असणार. रांगेत बाकीची पोरं एका पायावर भार टाकून, मान खाली घालून उभी होती आणि त्यांच्यामध्ये आबा, सावधान. तपासणी करणाऱ्या पोरानं त्यांना पट्टा काढून ठेवायला सांगितलं. आबांनी तो काढून माझ्या हातात दिला. आई गेल्यापासून ते वाळलेत, पँट सैल झालीय. ती एका हातानं धरून, दुसऱ्या हातात हॉलतिकीट घेऊन ते चालत गेले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

मी साताऱ्याच्या एका लॉ कॉलेजात संविधान शिकवते. दर पावसाळ्यात प्रवेशाच्या टेबलावर बसून मुलांचे कागद तपासते. लॉला कुणाला घेता येतं आणि कुणाला नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या सकाळी हातात आबांचा पट्टा होता आणि तो मी सारखा गुंडाळत-सोडत होते. पेपर संपेपर्यंत त्या सावलीत बसणं मला जमलं नसतं. मी रिक्षा केली आणि सांगलीला, माझ्या जुन्या कॉलेजकडे निघाले.

आई म्हणायची, तुमा बापलेकीच्या पायाला भिंगरी हाय. एका जागी बसलासा तर जमीन चावती का काय तुमाला?

मार्केट यार्डाजवळ हळदीचा वास आला. मोसम सरत आला होता, तरी आत पोत्यांच्या थप्प्या असणार, कोपरापर्यंत पिवळ्या झालेल्या बायका हळकुंडं निवडत असणार. मी रिक्षावाल्याला उगाचच म्हटलं, जरा हळू घ्या. शिकत होते तेव्हा हा वास माझ्या कपड्यांत असायचा, वह्यांत असायचा, उशीच्या अभ्र्यात असायचा. सुट्टीला घरी गेले की आई माझी ओढणी नाकाला लावायची आणि म्हणायची, "सांगलीत रोज लगीन असतंय का गं?"

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. तिथं हळदीचं शेत कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथं बाजरी, मटकी, शेळ्या-मेंढ्या आणि उन्हानं पांढरे पडलेले माळ. अर्धं गाव मुंबईला कामाला आणि उरलेल्यातले बरेच फौजेत. आबा हवालदार होऊन निवृत्त झाले, पण गावाला त्याचं काय? फौजेतनं परत आलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे मेजर. "मेजर, बसा की," असं म्हणून लोक जागा करून द्यायचे आणि मेजर काही बसायचे नाहीत.

ते फक्त दहावी होऊन भरती झाले होते. निवृत्तीनंतर घरी आले आणि त्यांना दिवस पुरेना. बांध घातले, विहिरीतला गाळ काढला, देवळाला रंग दिला. मग एक दिवस मुक्त विद्यापीठाची पुस्तकं आणली आणि पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसले. तेव्हा बारावी नसली तरी तसं बसता यायचं. मी दहिवडीच्या कॉलेजात बी.ए. करत होते आणि आबा माळावर शेळ्यांमागं फिरत राज्यशास्त्र पाठ करत होते. ते मोठ्यानं वाचायचे. आईला धार काढताना राष्ट्रपतींचे अधिकार ऐकावे लागायचे. "एवढं अधिकार हायत तर पाण्याचा टँकर येळेवर पाठवा म्हणावं त्यांला," ती म्हणायची.

आम्ही दोघं एकाच उन्हाळ्यात पास झालो. मी लॉला जायचं ठरवलं होतं. निकालाच्या दिवशी चहा पिताना आबा म्हणाले, "मी बी येतो."

"सोडायला?"

"न्हाई. शिकायला."

का, ते त्यांनी कधीच धड सांगितलं नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणायचे, बांधाची भांडणं मिटवीन. आईला म्हणायचे, घरात बसून काय करू. मला म्हणाले, तुला सोबत हुईल. प्रत्येकाला वेगळं कारण, आणि प्रत्येक कारण सांगताना नजर तिसरीकडेच.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. मायणी, विटा, तासगाव. तासगावच्या पुढं द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या, वेलींना तारांवर चढवलेलं, मध्येच बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी. आबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि गुडघा हलवत होते. मांडीवर दोघांच्या कागदांची एकच पिशवी. तेव्हा सीईटी नव्हती. पदवीचे गुण पुरेसे असले आणि कागद नीट असले की कॉलेजच्या खिडकीवर प्रवेश मिळायचा.

खिडकीतल्या क्लार्कनं माझे कागद पाहिले, शिक्का मारला. मग आबांचे पाहिले. पुन्हा पाहिले.

"बारावीचं मार्कलिस्ट?"

"बारावी न्हाई. दहावी, मग फौज, मग बी.ए."

"मग नाही जमणार. दहावी, बारावी, पदवी, अशी ओळीनं पायरी लागते. नवीन नियम आहे. तुमचा मधला जिना नाही."

"नियम कुठं लिवलाय?"

क्लार्क वैतागला नाही. त्यानं आतून एक परिपत्रक आणून दिलं. आबांनी चष्मा लावला आणि तिथंच उभं राहून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मागे रांग वाढत होती. कुणीतरी "ओ मामा, बाजूला व्हा की" म्हणालं. आबांनी वाचून संपवलं, घडी घातली, परत दिलं.

"बरोबर हाय तुमचं. नियमच तसा हाय."

एवढंच. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मीही नाही घेत मग. आबांनी कागदांची पिशवी माझ्या हातात दिली. "तुझं झालं न्हवं? मग झालं." नंतर त्यांनी बसस्थानकासमोर मला भडंग घेऊन दिला आणि स्वतः कागदाच्या पुड्यातला एकही दाणा न खाता, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे बोर्ड वाचत उभे राहिले. मिरज. जत. इस्लामपूर. जणू त्यातली कुठलीतरी एक त्यांच्यासाठी असणार होती.

गावभागात दोन मुलींबरोबर मी खोली घेतली. कृष्णेच्या घाटावरून संध्याकाळी घंटेचा आवाज यायचा, पाण्यावरून येताना तो ओला व्हायचा असं मला वाटे. पुराच्या दिवसांत नदी रोज थोडी वर चढायची. आम्ही पायऱ्या बघायला जायचो, काल दिसलेली आज नाहीशी. त्या नाहीशा होणाऱ्या पायऱ्यांची मला भीती वाटायची आणि तरी दररोज जायचे.

दर गुरुवारी आबा भाकरी, खरडा, शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे. डबा द्यायचा आणि परत फिरायचं, एवढंच काम. पण डबा ते खोलीवर द्यायचे नाहीत, कॉलेजात यायचे. एका गुरुवारी संविधानाचा तास चालू असताना मी सहज मागे पाहिलं तर शेवटच्या बाकावर आबा. मांडीवर डबा, त्याच्यावर दोन्ही हात.

संविधान आम्हाला शिरगुप्पे मॅडम शिकवायच्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, शिरोळकडच्या. बोलताना वाक्याच्या शेवटी 'की' यायचा आणि रागावल्या की मध्येच कानडी. वर्गात त्या एका जागी कधी उभ्या राहिल्या नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत, हातात संविधानाची छोटी प्रत, जिच्या पानांचे कोपरे गोल झाले होते. बरीच वर्षं शिकवूनही त्या कायम झालेल्या नव्हत्या. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, तासाप्रमाणे काम. स्कूटी थांबवतानाच त्यांचं हेल्मेट निघालेलं असायचं.

त्यांनी आबांना पाहिलं आणि थांबल्या. "तुम्ही कोण हो?"

आबा उभे राहिले. "हिचा वडील."

"इथं कसे?"

"बस सुटायला येळ हाय, मॅडम."

पोरं हसली. मी वहीत तोंड घातलं. मॅडमनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग बस सुटेपर्यंत बसा की. उभं कशाला राहायचं?"

त्यानंतर दर गुरुवारी आबांच्या बसला वेळ असायचा. पावसात, थंडीत, मोहरमच्या आणि गणपतीच्या सुट्ट्या वगळता प्रत्येक गुरुवारी. मुलांना सवय झाली. कुणी त्यांच्यासाठी शेवटच्या बाकाची कड मोकळी ठेवू लागलं, कुणी झेरॉक्स काढताना एक जास्तीची काढू लागलं. आबा वही आणत नसत. नुसतं ऐकत. ओठ मात्र हलत, माळावर शेळ्यांमागं हलायचे तसेच.

एका गुरुवारी मॅडम समानतेचं कलम शिकवत होत्या. सगळ्यांना सारखंच वागवा असं कायदा म्हणत नाही, त्या सांगत होत्या. माणसांचे गट करता येतात. पण गट करताना जी रेघ मारायची, तिचा आणि त्या कायद्याच्या हेतूचा काहीतरी संबंध पाहिजे. उगाच मनाला आलं म्हणून रेघ मारता येत नाही. त्यांनी फळ्यावर खडूनं एक उभी रेघ ओढली.

मागून आवाज आला, "मॅडम, इचारू?"

मॅडमनी मान हलवली. आबा उभे राहिले.

"बारावी झालेला एका बाजूला, न झालेला दुसऱ्या बाजूला. दोघं बी पदवी घेतलेलं. ही रेघ बसती का तुमच्या त्यात?"

या वेळी कुणी हसलं नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, किक मारल्याचा आवाज येत राहिला. मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला.

"दोन्ही बाजूंनी बोलता येईल," त्या म्हणाल्या. "पाया पक्का हवा म्हणून रेघ मारली असं ते म्हणतील. पाया पक्का आहे की नाही हे माणूस बघून ठरवा, असं आपण म्हणू." मग जरा थांबून, "तास संपल्यावर भेटा की मला."

व्हरांड्यात मॅडम त्यांना म्हणाल्या, आपण हायकोर्टात जाऊ. माझ्या ओळखीचे वकील आहेत, ते करतील, कागद मी तयार करून देते. हे सांगताना त्या टाचा उचलून बोलत होत्या. त्यांचे डोळे असे चमकलेले मी वर्गात कधी पाहिले नव्हते. पुस्तकातले खटले शिकवता शिकवता एक जिवंत खटला डबा घेऊन त्यांच्या दारात आला होता.

आबा म्हणाले, पुढच्या गुरुवारी सांगतो.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. वाटायचं, आबा हो म्हणतील. कोर्टात आबांचं नाव पुकारतील, निकाल लागेल, तो पुस्तकात छापून येईल आणि आबांच्या नावानं मुलं तो पाठ करतील. घाटावर पाणी बघत मी त्या खटल्याचं नावसुद्धा मनात म्हणून पाहिलं.

गुरुवारी आबा आले. डबा माझ्या हातात दिला आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमी लय केलं. पण कोर्टाचा निकाल लागस्तोवर मी म्हातारा हुईन. त्यापरास बारावीच करतो."

मॅडम हसल्या. खूप हसल्या, मग चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. "करा की," म्हणाल्या. "करा." आणि वर्गात जाऊन आधीच्या तासाचा फळा पुसू लागल्या. तो पुसून स्वच्छ झाला तरी त्या पुसत होत्या.

आबांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली. परीक्षेच्या दिवशी दहिवडीच्या शाळेत त्यांना पालक समजून बाहेर काढत होते. पहिल्या खेपेला इंग्रजीत राहिले, दुसऱ्या खेपेला निघाले. पण आधीची पदवी बारावीच्या आधीची, ती चालेना. म्हणून पुन्हा बी.ए. तेच विद्यापीठ, जवळजवळ तीच पुस्तकं. मी विचारलं, कंटाळा येत नाही का आबा? "वाचलेलं हाय, सोपं जातंय," म्हणाले.

मध्ये वर्षं गेली. ती कशी गेली याचा मला अजून हिशेब लागत नाही. मी एलएल.एम. झाले, नेट झाले, आणि मग मॅडमसारखीच तासांवर शिकवू लागले. सोमवार-मंगळवार सातारा, बुधवारी सांगली, शुक्रवारी शिरवळजवळचं एक खासगी कॉलेज. त्या वर्षांचा वास डिझेलचा आणि बसच्या रेक्झिनचा. शिरवळला फाट्यावर उतरलं की कंपन्यांच्या बसमधून गणवेशातली माणसं उतरायची आणि त्यांच्या चालीत मी चालू लागायचे, जणू मलाही कार्ड पंच करायचं होतं. मुलाखतींसाठी साडी नेसून जायचं, पुढच्या वर्षी तीच साडी, तीच मुलाखत. मुलं निरागसपणे विचारायची, मॅडम पुढच्या टर्मला तुम्हीच आहात ना? मूलभूत हक्क मी एका गावात सुरू करायचे आणि मार्गदर्शक तत्त्वं दुसऱ्या गावात संपवायचे. लग्नाचं बघणं त्या धावपळीत मागं पडलं, आणि मग कुणी विषयच काढेना. पीएच.डी. पूर्ण झाली त्या दिवशीसुद्धा मी बसमध्ये उभी होते, दांडीला धरून.

साताऱ्यात कायम झाले तेव्हा आईला बरं नव्हतं. तिला माझ्याकडे आणलं. दवाखान्यात तिच्या पलंगाशेजारी आबा दुसऱ्या बी.ए.चा अभ्यास करायचे, आता हळू आवाजात. एकदा मी दारातून ऐकलं. आई डोळे मिटून पडली होती.

"थांबलासा का? म्हना की म्होरं."

"तुला झोप लागली वाटली."

"तुमचं ऐकत झोपायची सवय हाय मला. म्हना."

आबा म्हणत राहिले. ती गेल्यावर बराच काळ त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. पेपर दिले, पास झाले, मार्कलिस्ट कपाटात ठेवलं. माझ्या फ्लॅटच्या गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो. आबा तिथं उभे राहायचे, मग खाली जायचे, मग वर यायचे, मग पुन्हा खाली. या वर्षी जानेवारीत एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "त्या सीईटीला वयाची अट हाय का?"

"नाही."

"मग भर."

रिक्षा माझ्या जुन्या कॉलेजपाशी थांबली तेव्हा तिथं सुट्टी होती. फाटक उघडं होतं, वर्ग बंद. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून मी आत पाहिलं. बाक नवे, भिंतीवर पडदा, छताला प्रोजेक्टर. काळा फळा गेला होता. मॅडमना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या कायम झाल्या नाहीत, असं मागे कुणीतरी सांगितलं होतं. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं धरलं, ते पुसलं, परत धरलं. मला वाटलं होतं इथं आलं की जरा शांत वाटेल. उलट मी घड्याळ बघत होते. आबांना माउस धरता येत असेल का, स्क्रीन बंद तर पडला नसेल, ती पँट.

मी लगेच कुपवाडला परतले. पोरं बाहेर येत होती, उत्तरं जुळवत, हातवारे करत. आबा सगळ्यांत शेवटी आले.

"कसा गेला?"

"एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर हुती."

"मग?"

"एकच निवडायला देत्यात." त्यांनी माझ्या हातातला पट्टा घेतला आणि भर रस्त्यात, मोटारसायकलींच्या गर्दीत, शांतपणे चढवला.

निकाल आला. बरे गुण होते. कॉलेजं निवडायची वेळ आली तेव्हा मी साताऱ्याचं आमचं कॉलेज पहिलं टाकायला निघाले. आबांनी माझा हात धरला.

"सांगली टाक."

"आबा, सांगलीत राहणार कुठं? इथं मी आहे, घर आहे."

"तू हायस म्हणूनच. तू मला कमी मार्क देशील. आन लोक म्हनत्याल, जास्त दिलं."

मी वाद घातला, रागावले, दोन दिवस बोलले नाही. सांगली टाकलं.

कागद तपासायला गेलो तेव्हा टेबलावर एक तरुण प्राध्यापक होते. मी त्यांना ओळख दिली नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी कागद उलटले, भुवया उंचावल्या.

"आजोबा, बी.ए. दोनदा?"

"पहिली चालली न्हाई."

ते कागद घेऊन आत गेले. आत फोनवर कुणाशी तरी बोलल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी व्हरांड्यातून फेऱ्या मारू लागले. इतकी वर्षं मी हेच टेबल दुसऱ्या बाजूनं पाहत आले आहे. तिथून ही वाट बघणारी माणसं फक्त रांग दिसतात. आबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठायच्या तयारीत. काय उत्तर येणार ते जणू त्यांना पाठ होतं.

प्राध्यापक परत आले. "झालं."

"झालं म्हंजे?"

"म्हणजे झालं, आजोबा. ॲडमिशन झालं. पुढचे या."

आबा उठले नाहीत. पुढचा मुलगा त्यांच्या मागे घुटमळत राहिला. मी जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ते उठले, बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या पायरीवर बसले. मीही बसले. आम्ही दोघं तिथं बराच वेळ बसलो, दोघांपैकी कुणाचाही पाय हलत नव्हता. मग ते म्हणाले, "तुझ्या आईनं आज काय म्हटलं असतं, सांग."

 

गावभागात एका ओळखीच्या घरी त्यांना खोली मिळाली. मी गादी, स्टोव्ह, औषधाच्या गोळ्या लावून दिल्या. गोळ्या कुठल्या कधी, ते तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता तू जा. उद्या तुझं लेक्चर असंल."

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्यांना फोन केला नाही. गॅलरीत फिरत होते. किल्ल्यावर ढग उतरले होते, खालच्या रस्त्यावर शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. शेवटी फोन लावला.

"आबा, काय झालं आज?"

"पहिला तास संविधानाचा व्हता. बाई चांगल्या हायत. तरुण हायत. सगळ्यांना उठवून नावं इचारली."

"मग?"

"मी बी सांगितलं. नाव, गाव, वय. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लय येळ. बाईंनी बी."

"वा! किती छान केलं त्यांनी, आबा."

पलीकडून स्टोव्हवर काहीतरी उतू जात असल्याचा आवाज आला, मग स्टोव्ह बंद केल्याचा.

"आबा?"

"बाकी कुणाला वाजवल्या न्हाईत," आबा म्हणाले.